उणे २५२१६: टर्बो सी, डॉसबॉक्स आणि आपल्या संगणक प्रयोगशाळांचा इतिहास (थ्रेड)

१/ निळी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरे, वर राखाडी रंगाची मेन्यूपट्टी. महाराष्ट्रात ज्यांनी अभियांत्रिकी, बीसीए, बीएस्सी किंवा बारावीचा बायफोकल संगणकशास्त्र विषय घेतला, त्यांना हा पडदा विसरणे अशक्य. टर्बो सी १९८७ साली बाजारात आले. सोलापुरातील एका प्रयोगशाळेत मी त्याच पडद्यासमोर बसलो तेव्हा २०१६ साल उजाडले होते. दरम्यानच्या काळात संगणकाचे प्रोसेसर, कार्यप्रणाली, सी++ भाषेचे प्रमाणरूप असे सारेच बदलून गेले होते. पडदा मात्र तोच होता. हे कसे घडले, याचा हा थ्रेड.

२/ आरंभी कंपायलर म्हणजे काय ते पाहू. सोलापूरकरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. जकार्ड चादरीची नक्षी प्रथम चौकटीच्या कागदावर रंगवतात. त्या चौकटींवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडली जातात आणि कार्डांची माळ मागावर चढते. मागाला मोर, फूल, अक्षर यांतले काही ठाऊक नसते. भोक आहे की नाही एवढेच कळते. कागदावरील नक्षीचे भोकांत रूपांतर करणारा जो कारागीर, तोच कंपायलर. माणसाला वाचता येणारा मजकूर यंत्राला कळणाऱ्या खुणांमध्ये उतरवणे हे दोघांचेही काम.

या उदाहरणातील एक गोष्ट पुढे उपयोगी पडेल. विशिष्ट संख्येच्या हुकांसाठी पाडलेली कार्डे वेगळ्या हुकसंख्येच्या जकार्डवर चालत नाहीत. नक्षी चुकलेली नसते, कार्डेही शाबूत असतात; बदललेले असते ते यंत्र.

३/ जोसेफ मारी जकारचे यंत्र फ्रान्समधील लियाँ शहरातले, १८०४ च्या सुमाराचे. संगणकाच्या जगात ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये ‘ए-०’ ही रूपांतर करणारी प्रणाली तयार केली. १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएमने फोरट्रान आणली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा स्वदेशी संगणक कार्यान्वित झाला आणि १९६४ मध्ये तेथेच सीडीसी ३६०० आला. पुढे बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी सी भाषा घडवली. तिचे मोठे आश्वासन असे की, एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम थोड्याफार फेरफाराने दुसऱ्यावर चालावा. या आश्वासनाचे आपल्याकडे काय झाले, तोच या कथेचा गाभा आहे.

४/ १९८० च्या दशकात पर्सनल कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिणे कंटाळवाणे असे. एका सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहायचा, ते बंद करून कंपायलर चालवायचा, मग लिंकर. चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून. बोरलँड या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर १९८३ मध्ये टर्बो पास्कल आणले आणि हे सारे एकाच पडद्यावर गोळा केले. किंमत ४९.९५ डॉलर, तेव्हाच्या मानाने फारच अल्प. १९८७ मध्ये टर्बो सी आणि १९९० मध्ये टर्बो सी++ आले. लिहा, कंट्रोल आणि एफ९ दाबा, प्रोग्राम चालतो. ऑल्ट आणि एफ५ दाबा, उत्तर दिसते. सारा पसारा फ्लॉपींवर मावणारा आणि डॉसच्या ६४० किलोबाइट मर्यादेत राहणारा. विद्यार्थ्यासाठी याहून सोयीचे साधन त्या काळी दुर्मीळ होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आज त्याची टिंगल करणारे बहुधा हे विसरतात.

५/ आता भारताकडे वळू. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्राने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. सोलापूरचे वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी त्याच वर्षीचे. त्याला ज्यांचे नाव आहे त्या वालचंद हिराचंद यांचा जन्मही सोलापूरचाच. १९८४ अखेर केंद्राने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि संगणकांची आयात सुलभ झाली. म्हणजे महाविद्यालये, यंत्रे आणि टर्बो सी ही तिन्ही जवळजवळ एकाच दशकात अवतरली. साहजिकच पहिले अभ्यासक्रम, पहिल्या नोट्स आणि पहिली प्रयोगपुस्तके याच साधनाभोवती रचली गेली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक देशभर पोहोचले. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचे जगही डॉस आणि टर्बो सीचेच होते.

त्या वेळी सोलापुरातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते.

६/ साधन आणि विषय यांतील सीमारेषा हळूहळू पुसली गेली. प्रत्येक प्रोग्रामच्या माथ्यावर ‘कोनिओ डॉट एच’ लिहायचे, आत शिरताच क्लिअर-स्क्रीनची आज्ञा द्यायची, शेवटी ‘गेट-सीएच’ लिहायचे आणि मुख्य फलनाचे नाव ‘व्हॉइड मेन’ ठेवायचे, हा जणू संकल्प सोडण्याचा विधी झाला. वस्तुतः क्लिअर-स्क्रीनची आज्ञा सी भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात कधीच नव्हती. ती बोरलँडची पुरवणी होती. ‘गेट-सीएच’ शेवटी का लिहायचे, तर प्रोग्राम संपताच पडदा पुन्हा निळा होऊन उत्तर दिसेनासे होई म्हणून. म्हणजे खिडकीच्या एका गैरसोयीवरचा तो तोडगा होता. आमच्यापर्यंत मात्र तो व्याकरणाचा नियम म्हणून पोहोचला.

७/ इकडे भाषा पुढे सरकत होती. सीचे अमेरिकी प्रमाणरूप १९८९ मध्ये व आंतरराष्ट्रीय रूप १९९० मध्ये ठरले. सी++ चे आंतरराष्ट्रीय प्रमाणरूप ठरायला १९९८ उजाडले. आपल्याकडे रुजलेली टर्बो सी++ ३.० ही आवृत्ती १९९० च्या दशकाच्या आरंभीची, म्हणजे त्याआधीची. तिच्यात नेमस्पेस नाही, एक्सेप्शन नाही, खरे-खोटे साठवणारा ‘बूल’ प्रकारही नाही. ‘आयओस्ट्रीम’ या शीर्षफायलीच्या नावापुढचे ‘डॉट एच’ प्रमाणरूपाने गाळले आणि २००८ च्या जीसीसी ४.३ मध्ये जुन्या नावाची सोयही उरली नाही. आमच्या वहीतला अगदी पहिला प्रोग्राम नव्या कंपायलरला दिला, तर तो पहिल्याच ओळीवर अडून बसे.

८/ पहिला तडा मात्र निराळ्याच जागी गेला होता. टर्बो पास्कलच्या एका घटकात वेळ मोजण्यासाठी छोटे आवर्तन होते. प्रोग्राम सुरू होताच ते यंत्राचा वेग अजमावून पाही. प्रोसेसर सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पलीकडे गेले, तेव्हा या हिशेबातील भागाकाराचे उत्तर ठरलेल्या जागेत मावेना आणि प्रोग्राम सुरू होताक्षणीच ‘रनटाइम एरर २००’ म्हणून कोसळू लागले. यंत्र बिघडले म्हणून नव्हे, चांगले झाले म्हणून प्रोग्राम बंद पडला! सुसंगततेच्या इतिहासात याहून बोलके उदाहरण माझ्या वाचनात नाही.

९/ दुसरा तडा खोलवरचा. टर्बो सी हे १६ बिटचे, डॉससाठी बांधलेले सॉफ्टवेअर. १९८५ च्या ८०३८६ प्रोसेसरमध्ये इंटेलने एक खास अवस्था ठेवली होती: नवा प्रोसेसर एका कोपऱ्यात स्वतःला जुना ८०८६ भासवू शके. विंडोज एनटीच्या घराण्यात याच आधारावर एनटीव्हीडीएम नावाचे ‘आभासी डॉस यंत्र’ होते. म्हणून विंडोज एक्सपीच्या काळात प्रयोगशाळांना काही जाणवले नाही. व्हिस्टामध्ये पडद्याचे ड्रायव्हर बदलले आणि डॉसचे प्रोग्राम पूर्ण पडदा मागू लागताच नकार मिळू लागला. तरीही लहान खिडकीत काम भागे.

१०/ २००३ मध्ये एएमडीने ६४ बिटचे प्रोसेसर आणले. इंटेलनेही पुढे तीच रचना स्वीकारली. या रचनेत प्रोसेसर ६४ बिटच्या अवस्थेत गेला की ८०८६ भासवण्याची ती जुनी सोय उपलब्ध राहत नाही. मायक्रोसॉफ्टने ६४ बिट विंडोजमधून एनटीव्हीडीएम वगळले. २००९ च्या विंडोज ७ नंतर बाजारात ६४ बिटचेच लॅपटॉप वाढत गेले. कार्डे तीच, नक्षी तीच. जकार्डचे हुक मात्र बदलले होते.

११/ आता थोडे स्वतःविषयी, कारण या थ्रेडचा उगम तिथेच आहे. बारावीत माझा विषय संगणकशास्त्र होता. पेपर एकमध्ये सी++, पेपर दोनमध्ये ८०८५ मायक्रोप्रोसेसर. (८०८५ हा १९७६ चा. इतिहासाकडे मी पुढे वळलो, असे लोक म्हणतात; मला वाटते बारावीतच वळलो होतो.) घरी नवा लॅपटॉप आला होता आणि टर्बो सी त्यावर उघडेना. आत्याच्या मुलीने, म्हणजे ताईने, पूर्वी बीएस्सीला हेच केले होते. तिने स्वतःची जुनी जर्नल माझ्या हाती दिली आणि म्हणाली, “प्रोग्राम तेच आहेत रे, तारखा तेवढ्या बदल.” पेनड्राइव्हवरून एका मित्राने दुसरीच एक गोष्ट दिली: डॉसबॉक्स.

१२/ डॉसबॉक्स हे पीटर वेन्स्ट्रा व शुर्ड व्हॅन डर बर्ग या नेदरलँड्सच्या प्रोग्रामरांनी सुरू केलेले मुक्त सॉफ्टवेअर, २००२ पासूनचे. उद्देश एकच: डॉसवरचे जुने खेळ नव्या संगणकावर खेळता यावेत. प्रोसेसरने टाकून दिलेला ८०८६ चा भास ते पूर्णपणे सॉफ्टवेअरमध्ये उभा करते. ध्वनीकार्ड, ग्राफिक्स, सारे. खेळांसाठी जपलेला हा देखावा भारतात परीक्षा देण्यासाठी वापरला जाईल, असे त्याच्या कर्त्यांच्या मनातही आले नसावे. पुढे कोणीकोणी डॉसबॉक्स आणि टर्बो सी एकाच गाठोड्यात बांधून ‘विंडोज ७, ८, १० साठी टर्बो सी++’ या नावाने इंटरनेटवर ठेवले आणि पेनड्राइव्हवरून ते गावोगाव पोहोचले.

१३/ गाठोडे न वापरता हाताने करायचे असल्यास कृती अशी होती. टर्बो सीचा फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवायचा. डॉसबॉक्स उघडून ‘माउंट’ आज्ञेने तो ड्राइव्ह जोडायचा. मग ‘टीसी’ आणि ‘बिन’ या फोल्डरांत शिरून ‘टीसी’ टंकायचे. दरवेळी हे टंकणे टाळायचे तर डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फायलीत, अगदी तळाशी, त्याच ओळी एकदा लिहून ठेवायच्या. निळा पडदा उजळला की सुटल्यासारखे वाटे. खरी गंमत त्यानंतर.

टर्बो सीमध्ये प्रोग्राम चालवण्याची कळ कंट्रोल-एफ९. डॉसबॉक्समध्ये हीच कळ डॉसबॉक्स तत्काळ बंद करण्याची! पाऊण तास खपून लिहिलेला प्रोग्राम, जतन न केलेला; विद्यार्थी आत्मविश्वासाने कंट्रोल-एफ९ दाबतो आणि समोर विंडोजचे भित्तिचित्र उरते. माझे असे दोनदा झाले. उपाय सोपा होता: कंट्रोल-एफ१ ने कळांचा नकाशा उघडायचा आणि बंद करण्याची कळ दुसरीकडे हलवायची, नाहीतर मेन्यूतून ‘रन’ निवडायचे. पण हे सांगणारे कोणी भेटेपर्यंत आपलाच हात वाईट असे वाटत राही.

आणखी एक अडचण नावांची. डॉसला फाईलचे नाव आठच अक्षरांचे चाले. विंडोजमध्ये दिलेले लांब नाव तिकडे पहिली सहा अक्षरे, एक नागमोडी चिन्ह आणि एक आकडा अशा वेशात दिसे. बाहेरून टाकलेली फाईल आत दिसतच नसे; कंट्रोल-एफ४ दाबून यादी ताजी करावी लागे. ग्राफिक्सच्या प्रोग्रामात बीजीआय फोल्डरचा मार्ग एका अक्षराने चुकला, तरी वर्तुळाऐवजी ‘ग्राफिक्स सुरू झालेले नाही’ अशा अर्थाची सूचना येई.

१४/ दुसरा मार्ग होता तो उलट दिशेचा: यंत्राला जुने सोंग द्यायचे नाही, प्रोग्रामच नवा करायचा. ‘डॉट एच’ काढायचे, नेमस्पेसची ओळ घालायची, ‘व्हॉइड मेन’च्या जागी ‘इंट मेन’, क्लिअर-स्क्रीन गाळायचे. विंडोजवरील मिन्जीडब्ल्यूमध्ये ‘कोनिओ’ आणि ‘गेट-सीएच’ आजही मिळतात, क्लिअर-स्क्रीन मिळत नाही. लिनक्सवर जीसीसीसोबत त्यांतले काहीच येत नाही. छोट्या प्रोग्रामसाठी हे पाच मिनिटांचे काम. जीसीसी विनामूल्य, कोडब्लॉक्स विनामूल्य. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सी आणि सी++ चे धडे जीसीसीवर आधारलेले आहेत आणि ते मराठीतूनही ऐकता येतात. म्हणजे पर्यायाचा अभाव नव्हता. मग बहुतेकांनी पहिलाच मार्ग का धरला?

१५/ याचे उत्तर मला ताईच्या जर्नलमध्ये सापडले. तीत एक प्रयोग आहे: दिलेल्या संख्येचे फॅक्टोरियल काढणे. पाचचे १२०, सातचे ५०४०, बरोबर. आठचे उत्तर छापले आहे उणे २५२१६. खाली लाल शाईत बरोबरची खूण आणि सही. धन संख्यांचा गुणाकार ऋण निघाला आणि त्यावर कोणी थबकले नाही.

१६/ हा आकडा मात्र निरर्थक नाही. आठचे फॅक्टोरियल ४०३२०. टर्बो सीमध्ये ‘इंट’ १६ बिटांचा, म्हणजे दोन बाइटांचा असतो. त्यात उणे ३२७६८ ते ३२७६७ एवढेच मावते. ४०३२० त्याबाहेर जाते आणि मोजणी फिरून दुसऱ्या टोकाने आत येते: ४०३२० वजा ६५५३६ बरोबर उणे २५२१६. नव्या कंपायलरमध्ये ‘इंट’ सहसा चार बाइटांचा. तोच प्रोग्राम तिथे आठचे उत्तर अचूक देतो, बारापर्यंत अचूक देत राहतो आणि तेराला पुन्हा घसरतो. मी घरी डॉसबॉक्समध्ये चालवला, उणे २५२१६. एका ऑनलाइन कंपायलरवर चालवला, ४०३२०. प्रोग्रामचे तर्कशास्त्र दोन्हीकडे तेच, उत्तरे दोन.

१७/ त्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत (महाविद्यालयाचे नाव येथे गौण आहे) मला विचारले गेले: “इंट किती बाइटचा?” मी म्हटले, “सर, चार. टर्बोमध्ये दोन.” पहिला शब्द ऐकूनच मान नकारार्थी हलली होती. त्यांना दोष देण्यात मला स्वारस्य नाही. पुस्तकात दोन, नोट्समध्ये दोन, समोरच्या पडद्यावर साईझ-ऑफ विचारले तर उत्तर दोन. ज्या जगात ते शिकवत होते त्यात दोन हेच सत्य होते. भाषेचे प्रमाणरूप ‘इंट’चे नेमके माप ठरवतच नाही, किमान मर्यादा तेवढी सांगते, हे वाक्य मला कित्येक वर्षांनी, इतिहासाच्या वर्गात असताना, सहज वाचताना भेटले.

१८/ म्हणून माझे मत असे. टर्बो सी टिकले ते केवळ आळसाने, हा आरोप अपुरा आहे. जर्नल, प्रात्यक्षिकांची यादी, तोंडी परीक्षेचे ठरलेले प्रश्न, पुस्तके आणि शिक्षकांच्या पिवळ्या पडलेल्या नोट्स ही एकमेकांत विणलेली वीण होती. त्यातला एक धागा, म्हणजे कंपायलर, बदलायचा तर जर्नलमधील उत्तरे बदलतात, उत्तरे बदलली की गुण बदलतात. एकटा शिक्षक हे करू शकत नाही. त्यात इंटरनेट सर्वत्र नव्हते आणि टर्बो सी काही मेगाबाइटांत, इंटरनेटशिवाय, जुन्या यंत्रावर निमूटपणे चाले.

आणि तरीही हानी झालीच. डॉसबॉक्स नसते, तर ६४ बिट यंत्रांनी अभ्यासक्रम मंडळांना २०१० च्या आसपास निर्णय घ्यायला भाग पाडले असते. सुसंगततेचा प्रश्न इतक्या सफाईने सुटला की बदलाची निकडच उरली नाही. सीबीएसईने पुढे बारावीसाठी सी++ मागे सोडून पायथनची वाट धरली. आमच्यासारखे कित्येक जण मात्र ‘व्हॉइड मेन’ लिहीत मुलाखतीच्या टेबलापर्यंत गेले आणि तिथे प्रथमच कळले की आपण शिकलो ती भाषा नव्हती, एका कंपनीचे एक जुने उत्पादन होते. मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजी दस्तऐवज वाचायला आधीच बिचकणाऱ्या मुलाला हा धक्का जास्त बसतो. त्याला वाटते, आपल्यालाच येत नाही.

१९/ इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक शेवटची गोष्ट. या काळाची कागदपत्रे वेगाने नष्ट होत आहेत. विद्यापीठांचे जुने अभ्यासक्रम कुठेतरी सापडतील. पण प्रत्यक्ष वर्गात काय घडले याचा पुरावा जर्नलमध्ये आहे आणि जर्नल रद्दीच्या भावाने जाते. त्यावरची तारीख अनेकदा खोटी असते (मीही ताईच्या तारखाच बदलल्या). कंपायलरचे नाव कोणी लिहीत नाही. अशा वेळी उणे २५२१६ हा आकडा साधन ठरतो. तो दिसला, तर प्रोग्राम १६ बिट ‘इंट’च्या कंपायलरवर चालला, हे जवळजवळ निश्चित, किंवा उत्तर अशाच एखाद्या जर्नलमधून उतरवले, आणि तेही कळणे महत्त्वाचेच. ४०३२० दिसले तर मात्र थांबावे. संख्या ‘लाँग’ प्रकारात घेतली असेल, तर टर्बो सीही तेच बरोबर उत्तर देते.

२०/ तर विनंती: घरात माळ्यावर, ट्रंकेत जुनी सी किंवा सी++ ची जर्नल असेल, तर रद्दीत देण्यापूर्वी फॅक्टोरियलचे पान उघडा. आठचे उत्तर काय आहे, जर्नल कोणत्या वर्षाची आणि कोणत्या जिल्ह्यातली आहे, एवढे खाली लिहा. नाव, आसनक्रमांक आणि सही झाकून पानाचे छायाचित्र जोडता आले तर उत्तम. ताईच्या जर्नलचे पान पहिल्या प्रतिसादात लावतो आहे.